पाय दाबला की गुरगुरणारी गाडी

दसऱ्यानंतर पहिल्यांदा गाडी काढली ती अक्काकडे जायला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, रायापूरला एकटी राहते. आमचं घर उणकलला. तिचे गुडघे गेलेले आणि मला तिच्याशी बोलल्यावाचून चैन पडत नाही, म्हणून एक दिवसाआड मी तिकडे जायचं हा नेम. गाडी मीच चालवते. आमच्या यजमानांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण क्लच कशाला असतो ते त्यांना अजून पटलेलं नाही.

तर त्या दिवशी मोठ्या रस्त्याला लागले, पाय दाबला आणि गाडी गुरगुरली. रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी ओरडावं तशी. पाय उचलला की गप्प, दाबला की पुन्हा सुरू. बाजूचा रिक्षावाला वळून बघायला लागला. बघ बाबा, म्हटलं.

यजमानांनी लगेच बेंगळुरूला मुलाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "आई, इंजिन गेलं असणार. आता त्यात हात घालू नकोस. माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक आहे तिथलंच, रविवारी बघायला पाठवतो. गाडी देऊन टाक आणि कॅब कर की."

"कॅबवाला अक्काचं बोलणं संपेपर्यंत थांबतो काय रे?"

"अक्काला फोन कर."

फोनवर कुणाच्या केसांना तेल लावून देता येत नाही. पण हे त्याला काय सांगायचं. कमरीपेठेत आमचा नेहमीचा गॅरेजवाला आहे, त्याच्याकडे गेले. अंगणात गाड्या एकीला एक चिकटून उभ्या. "अम्मा, दिवाळी झाल्यावर आणा," म्हणाला. दिवाळीपर्यंत गाडी कुणाच्या दारात असती कोण जाणे. तोवर गुरगुरत्या गाडीनेच अक्काकडे दोन खेपा झाल्या.

मग मीच बघायचं ठरवलं. गाडीतलं मला कुणी शिकवलेलं नाही, पण शिलाई मशीन मी आयुष्यभर घरीच उघडलंय. मशीन कुरकुरलं की मी आधी पान्हा घेत नाही. आधी बघते, आवाज कधी येतो. जाड कापड घातल्यावर, की नुसतं फिरवलं तरी? तेवढ्यावर अर्धं काम होतं.

रस्त्यावर वेग घेतला आणि पाय उचलला. चाकं तशीच धावतायत, आवाज मात्र बंद. म्हणजे चाकांचा दोष नव्हे. घरी येऊन गाडी उभी केली, गिअर काढून पाय दाबला. आवाज आला, जरा हलका, पण आला. म्हणजे न चालताही येतो. आता राहिलं पुढचं इंजिन किंवा मागचा सायलेन्सर. पोरगा म्हणतो तेच निघालं तर?

पण पाय दाबून आवाज कुठून येतो ते ऐकायला मी एकटी कशी पुरणार?

"अहो, माझ्या जागेवर बसा जरा."

"मला चालवता येत नाही."

"चालवायची नाहीच. हँडब्रेक लावलाय. उजव्या टोकाचं पेडल दाबायचं, मी हात वर केला की सोडायचं."

"उजव्या टोकाचंच ना?"

"त्रिकोणाला कोपरे किती हे पोरांना कुणी शिकवलं? दाबा."

त्यांनी जपून दाबलं. मी मागे गेले. सायलेन्सर आपला नेहमीसारखा. पुढे आले, पदर खोचला, पंख्यापासून लांब उभी राहून बॉनेटखाली कान दिला. इथेच. एका काळ्या जाड नळीच्या टोकाशी. तिथे झेंडूची वाळलेली पाकळी अडकलेली. त्यांनी पाय दाबला की ती थरथरत आत ओढली जायची, सोडला की सैल पडायची.

हात वर केला. "बंद करा गाडी. आणि इथे या."

नळीवर कुंकवाच्या बोटांचे ठसे होते.

"हे कुणी लावलं?"

"मीच. खंडेनवमीला," ते अभिमानाने म्हणाले. "वर सगळं प्लास्टिक गं. प्लास्टिकला कुंकू लावून पूजा होते होय? नळी बाजूला सारली आणि आत खऱ्या इंजिनाला लावलं."

"आणि नळी?"

"ठेवली की परत."

"ठेवलीत. बसवली नाहीत."

चाकांखाली लिंबं मी ठेवली, कोहळाही मीच फोडला, पण बॉनेट यांच्यावर सोपवलं होतं. इंजिन त्या नळीतून श्वास घेतं. नळी फिल्टरच्या डब्यात घट्ट बसलेली असली की श्वास ऐकू येत नाही. निसटली की तोंड उघडं पडतं, आणि पाय दाबल्यावर इंजिन जोरात हवा ओढतं तेव्हा ती घुमते. पाकळी काढली, नळीचं टोक पुसून डब्याच्या तोंडात दाबून बसवलं. तिची क्लिप खाली निखळून पडली होती, ती शोधून लावली. यजमान टॉर्च धरून उभे होते.

मग यजमानांना शेजारी बसवून रायापूरचा रस्ता. उणकलचा तलाव मागे पडला तसा पाय दाबला, आणखी दाबला. गाडी गाईसारखी निमूट.

अक्काच्या दारात उभी राहून मुलाला फोन लावला. फोन बॉनेटपाशी धरला, यजमानांना म्हटलं, दाबा. आता ते न विचारता उजव्या टोकाचं दाबतात.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही."

"तेच ऐकवायचं होतं. त्या गिऱ्हाइकाला सांग, येऊ नको म्हणावं."

तो म्हणाला, "अक्काला नमस्कार सांग."

अक्का दारात आली ती कपाळाला आठ्या घालून. "अगं, कधी आलीस? मागच्या खेपांना वळणावरच तुझी गाडी ऐकू यायची, तेव्हा मी कुकर लावायची. आज भातच नाही झाला."

"बिडु अक्का," कानडीत म्हटलं, राहू दे. "भात होईपर्यंत तेल लावते तुला."