नुजहतच्या फुकट नोट्स

कळंबच्या अय्यूब मेकॅनिकची पोरगी नुजहत यवतमाळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायची. त्या साली कापसाला भाव नव्हता. एमएस्सीच्या वर्गातली निम्मी पोरं कॉम्प्लेक्स अॅनालिसिसचं पुस्तक न घेताच बसायची. नुजहतनं आपल्या हातानं लिहिलेल्या नोट्स, सोडवलेल्या गणितांसकट, स्कॅन करून इंटरनेटवर टाकल्या आणि फळ्यावर पत्ता लिहून दिला.

विभागप्रमुख विजयमाला मॅडमचं त्याच विषयाचं गाईड होतं. ते दुकानात तसंच पडून राहिलं.

"तुले कोणं सांगतलं हे उद्योग करायले?" मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं.

"कोणीच नाही."

"मंग काढून टाक. चुका हायेत त्याच्यात."

"कोण्या पानावर?"

"पान्हे-पकडी घासणाऱ्याची पोरगी, मले पान विचारते!"

कोणी मान वर केली नाही. घरी जाऊन नुजहतनं एकेक पान तपासलं, आणि एक्केचाळिसाव्या पानावर खरंच चूक सापडली. एका इंटिग्रलचं चिन्ह उलटं पडलं होतं. गुपचूप पुसता आलं असतं. तिनं वरच लाल अक्षरांत लिहिलं : 'इथं माझी चूक झाली होती. दुरुस्ती खाली.' आणि ते पान पुन्हा इंटरनेटवर टाकलं.

तिसऱ्या दिवशी ते पान छापून नोटीस बोर्डावर लागलं. या नोट्सनी आमचं नुकसान झालं, अशा तक्रारीवर पोरांच्या सह्या घेतल्या गेल्या. पहिली सही बोरी अरबच्या प्रेरणाची. याच नोट्सवर ती पहिल्या सेमिस्टरला पास झाली होती.

"इंटर्नलचे मार्क मॅडमच्या हातात हायेत, मिस," प्रेरणा जिन्यात म्हणाली.

"मले कायले सांगतेस? सही करायच्या आधी आली होतीस का सांगायले?"

जूनमध्ये तासिकांच्या यादीत नुजहतचं नाव नव्हतं. ती मॅडमच्या टेबलाशी गेली. "ते पान बोर्डावरच राहू द्या. बरोबर उत्तर त्याच्यावरच हाये. तुमच्या गाईडमध्ये तेच गणित अजून चुकलेलंच हाये."

मॅडमनी दाराकडे बोट दाखवलं.

कळंबला ती दहावी-बारावीच्या शिकवण्या घेऊ लागली. नोट्स मात्र काढल्या नाहीत, उलट वाढवल्या. पावसाळ्यात प्रेरणाचा ईमेल आला : साठाव्या पानावरची तिसरी पायरी समजत नाही. माफीचा शब्द नव्हता. नुजहतनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग अख्खं गणित पायरी-पायरीनं सोडवून पाठवलं. वर 'प्रिय' लिहिलं नाही, खाली नाव घातलं नाही.