न नोंदलेलं पत्र

शिक्केमास्तर कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. "फाइल तपासली," असं सांगितलं की ते कपाळावरचा चष्मा नाकावर घेत आणि म्हणत, "सांगू नको. दाखव." त्यांच्या हाताखाली काढलेल्या दोन वर्षांत हे मी इतक्यांदा ऐकलं की आजही कोणी तसं म्हणालं तर माझं डोकं सटकतं.

औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी कारखान्याची संगणकाची खोली त्यांच्या ताब्यात होती. चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमधून, मुलाच्या घरून, ते सायकलने येत आणि पँटच्या पायाला लावलेली क्लिप दिवसभर तशीच विसरत. मी कॅम्प-1 या मजूरवस्तीतला. ट्रकवर माल चढवता चढवता टायपिंग शिकलो, टायपिंग करता करता संगणक. कोणी हात धरून आणलं नाही, त्यामुळे घासाघीस केल्याशिवाय मला काही पचत नसे. मास्तर एखाद्या कामाला पाच दिवस म्हणाले की मी तीनवर आणायचो. ते शांतपणे म्हणत, "पाच." आणि खरोखर पाचच लागत. त्याचाही मला राग.

फाइली सांभाळायची पद्धत त्यांनी स्वतः बांधली होती. नुसती तयार केलेली फाइल 'मोकळी'. मशीनमधल्या नोंदवहीत तिचं नाव घातलं की ती 'नोंदलेली'. दोघांनी वाचून पक्की केली की 'शिक्क्याची'. रोज संध्याकाळी टेपवर उतरे ते फक्त शिक्क्याचं. काही बिघडलं तर मागे जायला दोन कमांड होत्या. 'सोड' दिली की फाइलीचं नाव नोंदवहीतून निघे, फाइल जागेवर राही. 'झाड' दिली की सगळं शेवटच्या शिक्क्यावर परत जाई. जुन्या फाइलींतले बदल तर पुसले जातच, पण नाव नोंदलेली, शिक्का न लागलेली नवी फाइलही नाहीशी होई. मोकळ्या फाइलीला मात्र धक्का लागत नसे. "मशीनले जे माहीतच नाही, ते मशीन कावून पुसंल?" मास्तर म्हणत. मी मान डोलवायचो. खरं म्हणजे मी एवढंच लक्षात ठेवलं होतं की शिक्का नाही म्हणजे मशीनला माहीत नाही.

गेटवर येणाऱ्या ट्रकांच्या पासचा प्रोग्राम मी तीन आठवडे खपून लिहिला. नऊ नव्या फाइली. भोपाळहून मोठे साहेब बघायला येणार होते, चार वाजता. प्रोग्राम चालला तर मी कायम, नाहीतर महिनाअखेरीस ठेका संपला.

साहेब येणार त्या सकाळी मास्तर म्हणाले, "नावं घालून ठेव नोंदवहीत." मी म्हटलं, "शिक्का देत असाल तर घालतो." दुसरा वाचणारा साहू लग्नाला बालोदला गेला होता आणि एकट्याच्या वाचनावर मास्तर शिक्का देणार नव्हते. मी बरंच बोललो. नियम तुमाले पोसतो का, असंही म्हणालो. "नसंल घालायचं तर नको घालू," म्हणून ते चहाला गेले. ते गेल्यावर मी गुपचूप नऊही नावं घातली. ऐकायचं होतं, पण ऐकलेलं दिसायला नको होतं. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून भोपाळच्या साहेबांना देण्यासाठी मोडक्या इंग्रजीत एक पत्र टाइप करून तिथंच ठेवलं: हे गृहस्थ कोणावरही विश्वास ठेवत नाहीत, यांच्या हाताखाली माणूस वर येऊ शकत नाही. त्या फाइलीचं नाव अर्थातच कुठे घातलं नाही.

अडीच वाजता प्रोग्राम बंद पडला. मी घाईत जुन्या फाइलींमध्ये हात घातला होता आणि काय काय बदललं ते आठवत नव्हतं. मास्तर म्हणाले, एकेक फाइल परत आणू, तास लागेल. मी म्हटलं, 'झाड' द्या, दोन मिनिटांत होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नवीन फाइलींची नोंद नाही ना केली?"

सकाळच्या भांडणानंतर हो म्हणणं मला जड गेलं. शिवाय शिक्का कुठे होता त्यांच्यावर? "नाही," मी म्हणालो.

चष्मा कपाळावरच राहिला. मास्तरांनी कमांड दिली.

मग फाइलींची यादी मागवली. जुन्या सगळ्या जागच्या जागी. माझ्या नऊपैकी एकही नाही. सर्वांत खाली एकच अनोळखी नाव होतं. त्यांनी ते उघडलं. पडद्यावर पत्र आलं. मी उठून पुढे झालो, पण कुठलं बटण दाबायचं तेही सुचेना. मास्तरांनी शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं.

"हे राहिलं," एवढंच ते म्हणाले. दिलेली प्रत्येक कमांड मशीन आपोआप रोजनाम्यात टिपून ठेवी; तिथं सकाळी घातलेली नऊ नावं वेळेसकट उमटलेली होती. तीही त्यांनी वाचली.

चार वाजता साहेबांनी विचारलं, हे कोणी केलं. मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "कमांड मी दिली." ते खोटं नव्हतं.

मास्तरांना स्टोअरमध्ये टाकलं. माझा ठेका महिनाअखेरीस संपला. शेवटच्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. सायकलची क्लिप पायाला तशीच. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तोंडातून भांडणच निघालं. म्हटलं, "मास्तर, जिंदगीभर सगळ्यांले दाखव म्हणालात. त्याच दिवशी 'दाखव' कावून नाही म्हणाले? पाहिलं कावून नाही?"

त्यांनी हातातली चिठ्ठी नीट चिकटवली, अंगठ्यानं दाबली.

"रोजच तं पाहत होतो," ते म्हणाले. "तुले आवडत नव्हतं ना ते."