अंबादास सरांचा हेडगार्डवर विश्वास नव्हता

अंबादास सर कुणावरच पटकन विश्वास ठेवत नसत, आणि हेडगार्डवर तर अजिबात नाही. घाटकोपरच्या आमच्या बॉक्सिंग क्लबात नवं हेडगार्ड, म्हणजे डोक्याला बांधायचं फोमचं टोपडं, आलं की ते आधी अंगठ्याने दाबून बघायचे. दाबलेला फोम लगेच वर आला नाही, की ते भंगारात. आला, तरी सरांचा चेहरा संशयीच.

"यानं भुवई फुटत नाही, कान सुजत नाही. एवढंच याचं काम," ते म्हणायचे. "डब्याला कितीही फडकी गुंडाळा, आपटला की आतलं वरण हिंदकळणारच. मेंदूचं तेच आहे. आणि हे चढवलं की तुम्ही शहाणे दुप्पट मार खायला पुढे होता."

आम्ही माना डोलवायचो आणि पुढे व्हायचो. मी तर जरा जास्तच.

सर पूर्वी बसवर कंडक्टर होते, गोरेगावहून आरे कॉलनीतून पवईला जाणाऱ्या मार्गावर. बाविसाव्या वर्षी, हेडगार्ड घालूनच खेळताना, त्यांना एक ठोसा लागला. डोकं ठणकतंय हे लपवून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये उतरले. तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नाही. राहायला देवनारला, कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडजवळ, त्यामुळे मित्र म्हणायचे, "अंब्या, तुझं तर नशीबच उघडलं की रे." सरही हसायचे. पण दूध नासलंय का, हे रोज बायकोला, आमच्या शकुकाकूंना, विचारावं लागायचं, आणि ते त्यांच्या मनाला फार लागायचं.

म्हणून सराव संपला की, कुणाच्या डोक्याला मार बसलाय का हे बघायला, ते पाण्याआधी आमची परीक्षा घेत. त्यांच्या जुन्या मार्गावरचे मोठे थांबे उलटे म्हणायचे, पवईपासून मागे. जो अडखळला तो पंधरा दिवस घरी. आम्ही काय कच्चे होतो? दोन दिवसांत ते उलटे थांबे आम्ही पाठ करून टाकले.

त्या रविवारी जिल्ह्याची निवड होती. तिथून राज्य स्पर्धा, आणि तिथे पदक मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर मला अर्ज करता येणार होता. बाबांनी यंदापुरतीच मुभा दिली होती. यंदा नाही जमलं तर बॉक्सिंग बंद, हे घरात ठरलेलं होतं.

गुरुवारी सरावात माझ्या मैत्रिणीचा, संघमित्राचा, उजवा ठोसा माझ्या कानशिलावर बसला. हेडगार्ड जागचं हललंसुद्धा नाही. सर जवळ आले तशी त्यांनी विचारायच्या आतच मी सुरू झाले, "पवई, मरोळ, पिकनिक पॉइंट, आरे नाका, गोरेगाव."

"फारच झकास म्हणालीस," सर म्हणाले. त्यांचे डोळे बारीक झाले होते. "सकाळी काय खाऊन आलीस?"

"सकाळचं खाणं कोण लक्षात ठेवतं, सर?"

"बरं, आज इथे आलीस कशी?"

"नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे कशी?"

मी हेडगार्डचा पट्टा ओढू लागले. सरांनी स्वतःच माझ्या हनुवटीखालचा पट्टा सोडला. "रविवारी तू जायचं नाहीस."

मी भांडले. नको ते बोलले. सरांनी माझ्या आईला फोन करून डॉक्टरकडे न्यायला बोलावलं, आणि ती येईपर्यंत संघमित्राला माझ्याजवळ बाहेरच्या पायरीवर बसवलं.

तिथे माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. संघमित्रा देवनारची, सरांच्याच गल्लीतली. वजनी गटही माझाच. मी नाही तर जाणार कोण? हीच. म्हणजे हे सगळं ठरवूनच केलेलं. मैत्रीण म्हणून जवळ बसलेल्या त्या मुलीचा मला इतका राग आला की हात शिवशिवायला लागले.

"खरं सांग," मी म्हणाले, "तुला पाठवायचं म्हणूनच सरांनी हे केलं ना?"

संघमित्रानं माझ्याकडे तोंड वळवलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते, हे मला आत्ता दिसलं.

"दिशा," ती हळूच म्हणाली, "हे तू मला तिसऱ्यांदा विचारतेयस गं."

मी आधीच्या दोन वेळा आठवून पाहिल्या. त्यातली एकही मला आठवेना.