अर्जातली खोडलेली ओळ

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरनं आमगावहून गोंदियाला गेले होते. सोबत आमच्या शेजारच्या फुलवंताकाकी... आणि पिशवीत एक अर्ज, चौथ्यांदा स्वच्छ लिहून काढलेला.

गोंदियात एका व्यापारी घराण्याचा धर्मादाय ट्रस्ट आहे. लोकांच्या उपयोगाचं नवं काम कुणी सुरू करत असेल, तर सुरुवातीपुरती छोटी मदत देतात. मला ती चष्म्यांसाठी हवी होती.

आमच्या गावात घरोघरी बायका बिड्या वळतात. चाळिशी उलटली की जवळचं दिसेनासं होतं... मग धागा नीट बसत नाही, बिडीचं तोंड नीट मुडपलं जात नाही, आणि बिडी छाटीत जाते. छाट म्हणजे ठेकेदारानं खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. त्यांची मजुरी मिळत नाही, बिड्या मात्र ठेकेदाराकडेच राहतात. वेगवेगळ्या नंबरांचे सहा चष्मे गावात आणून ठेवावेत, जिला जो लागेल तिनं तो वापरावा, एवढीच माझी कल्पना.

पण नुसत्या कल्पनेवर अर्ज कसा करायचा? मी शाळेत उशिरा गेले, पहिले धडे घरी बाबांकडे घेतले. आमच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावाच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या, ते रोज पाहून पाटीवर लिहायचं, हा पहिला धडा. एकदा चिखलाचा कंटाळा आला म्हणून अंदाजानं लिहिलं... बाबांनी पाटी पुसली आणि मला तलावावर पाठवलं. तेव्हापासून न पाहिलेलं लिहायला हात धजत नाही.

म्हणून आधी बाबांचा जुना चष्मा दोघींना देऊन पाहिला. एकीचं डोकं दुखलं, तिनं दुसऱ्याच दिवशी परत केला. काकींना मात्र लागला. पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर ठेकेदाराकडे गेले आणि छाट किती निघाली ते लिहून ठेवलं.

छाट कमी झाली नाही. जवळजवळ होती तेवढीच राहिली.

मी काकींना म्हटलं, अर्ज करण्यात अर्थ नाही, चष्म्यानं फायदा काहीच दिसत नाही. त्या तेंदूपान कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फायदा कसा नाही वं पोरी? आंधी मले वाटे माझाच डोळा फुटका, म्हून बिडी खराब. आता मी पाहून राहिली ना... तो ठेकेदार चांगली बिडी छाटून राहिला."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः छाटीतल्या बिड्या हातात घेऊन पाहिल्या. निम्म्यांत मला तरी काही खोट सापडली नाही.

अर्जात 'आजवरचा अनुभव' असा रकाना होता. मी सगळं लिहिलं. दुखलेलं डोकं, न घटलेली छाट... आणि शेवटी, एका ओळीत, काकींना काय दिसलं ते.

ट्रस्टचे सेक्रेटरी वयस्कर, शांत गृहस्थ. जिला उपयोग झाला अशा एखादीला सोबत आणा, असं त्यांनीच कळवलं होतं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. फायदा दिसला नाही, हे वाक्य त्यांना चाललं. असं कुणी लिहीत नाही, म्हणाले, आणि थोडं हसले. मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"बेटी, काम अच्छा है. बस, यह एक लाइन निकाल दो."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. ट्रस्ट ज्या घराण्याचा, त्याचा बिडीचाही धंदा आहे हे मला ठाऊक होतं... आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांना.

विचार करते, असं सांगून व्हरांड्यात आले. ओळ काढली तर अर्ज खोटा होत नाही, पण पुरता खराही राहत नाही. ठेवली तर चष्मे नाहीत. बाकावर बसलेल्या काकींना सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेवढ्यासाठी तोंड पाडून काऊन बसली? काढ ते ओळ. कागदावरची ओळ खोडली म्हून मले दिसनं बंद होते का?"

आत गेले. सेक्रेटरींच्याच टाकानं ओळ खोडली. शाई पसरली... त्यांनी टिपकागद पुढे केला.

परवा चष्मे आले. काल संध्याकाळी ठेकेदारापुढच्या रांगेत पाच जणी चष्मा लावून बसल्या होत्या. त्यानं काकींची एक बिडी बाजूला टाकली. काकींनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि शेजारणीकडे दिली. तिनं पाहून पुढे दिली. बिडी पाच हातांतून फिरून परत त्याच्यापुढे आली. त्यानं ती चांगल्या बिड्यांत ठेवली.

कालची छाट किती निघाली ते मी लिहून ठेवलं आहे. एका दिवसावरून काही म्हणणार नाही.

चष्मे मिळाले याबद्दल ट्रस्टची मी मनापासून ऋणी आहे. पण खोडलेली ओळ काही केल्या मनातून जात नाही... म्हणून काकींना विचारून, आपण आळीपाळीनं लिहितो त्या या फिरत्या वहीत ती लिहून ठेवते. निदान तुम्हा सात मैत्रिणींच्या डोळ्यांखालून जाईल.

'फुलवंताबाईंच्या चांगल्या बिड्याही छाटीत काढल्या जातात हे त्यांना चष्म्यामुळे प्रथमच दिसले, आणि मी ते स्वतः पाहिले आहे.'