जुन्या दराची सूर्यचूल

"हात काढ, बाळे. शिजू दे की त्याला."

असं म्हणून आमच्या एजन्सीतल्या बाई समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या मनगटावर हलकी चापट मारायच्या. समोरची साठीची असली तरी बाळेच. तुमच्यापैकी कुणी तो काळ पाहिला असेल तर ती पत्र्याची पेटी आठवत असेल. आतून काळी, वर काच आणि झाकणाला आरसा. सकाळी उन्हात ठेवायची, दुपारी वरण-भात तयार. अट एकच, मधे काच उघडायची नाही. आणि चुलीपुढं जन्म गेलेल्या बायकांना उघडून बघितल्याशिवाय चैन कसलं पडतंय!

मी तेव्हा अंबाजोगाईला सूर्यचुलीच्या एजन्सीत कामाला होतो. बाई गावोगाव जाऊन पेटीत स्वयंपाक करून दाखवायच्या. निम्मी किंमत सरकार भरायचं म्हणून पेट्या खपायच्या, नाहीतर आमच्या मालकांकडं कुत्रं फिरकलं नसतं. पेटीची पावती फाडली की दर पक्का, पेटी मागाहून आली तरी चालायचं.

बाई लिंगायत दुकानदार घराण्यातल्या, नवरा लवकर गेलेला. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीही घेत नसत. कपाळाला विभूती, खांद्याला पिशवी आणि मांडीवर पेटी. कंडक्टर पेटीचं तिकीट मागायचा तेव्हा म्हणायच्या, "तिनं जागा कुठं आडवली? माज्या मांडीवर बसलीय की!"

गावात एक प्रश्न ठरलेला असायचा. "बाई, ह्यात भाकरी हुती का?"

"वरण सूर्यानं करावं, भाकरी सासूनं," बाई म्हणायच्या आणि सगळ्या सुना पदर तोंडाला लावून हसायच्या.

एखाद्या दिवशी आभाळ भरून यायचं आणि डाळ तशीच राहायची. मग कुणी कितीही आग्रह केला तरी बाई चुलीवरचं खायच्या नाहीत. उपाशीच परत यायच्या. मी चिडवायचो, तर म्हणायच्या, "आपलीच पेटी सोडून आपुन चुलीकडं पळालो, तर लोकानी ती का म्हून घ्यावी?" मी शेजारच्या हॉटेलातून चहा मागवायचो.

त्यांचा अजून एक नियम होता. पितृपंधरवड्यात त्या पावतीपुस्तक पिशवीबाहेर काढत नसत. एकदा कुणीतरी पित्रात पेटी घेतली आणि नेमकं पहिल्याच दिवशी ऊन पडलं नाही. साऱ्या गल्लीनं ती वाईट पायगुणाची ठरवून परत पाठवली. तेव्हापासून बाई म्हणायच्या, "आमच्यात पित्र न्हाईत, पन गिऱ्हाइकाच्यात हायती. घट बसले की बगू."

युसूफ वडगावच्या पुढं एका वस्तीवर एक म्हातारी होती. दोन्ही डोळ्यांत पडदा आलेला. दसरा झाला की मुलगा-सून कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यापर्यंत ही एकटी. आदल्या वर्षी चुलीपुढं तिच्या पदरानं पेट घेतला होता. शेजारणीनं पोतं टाकून विझवलं म्हणून निभावलं. बाईंनी वस्तीवर खिचडी करून दाखवली तेव्हा म्हातारी पेटीवरून हात फिरवत राहिली. "जाळ न्हाईच हिच्यात?" तिनं तीनतीनदा विचारलं.

मुलगा बाईंना म्हणाला, "आईपुरती एक पेटी द्या. मग मी बिनघोर जातो."

"दिली समज," बाई म्हणाल्या.

पण पित्रं लागली होती. बाईंनी पावती फाडली नाही. आणि त्याच पंधरवड्यात अनुदानाचे दर बदलले. निम्म्याचं नावापुरतं राहिलं. पावती आधीची असेल तर जुना दर, नाहीतर नवा. मालक म्हणाले, आता सगळं बाजारावर सोडायचं धोरण आहे. हल्ली छपरावरच्या सौर पॅनेलचे दर बदलल्याची बातमी पेपरात आली की लोक फायदा-तोट्याचं बोलतात. मला मात्र कुठंतरी कुणीतरी चांगल्या दिवसाची वाट बघत थांबलं असेल असं वाटत राहतं.

बाई मालकांना म्हणाल्या, "फरक माज्या पगारातून कापा." मालक माणूस वाईट नव्हता, पण कंपनीनं माल पाठवणंच थांबवलं होतं. द्यायला पेटीच नव्हती. दसरा झाला, मुलगा-सून मुकादमाच्या गाडीत बसून गेले. बाईंनी काय करावं? दाखवायची पेटी म्हातारीकडं ठेवून आल्या आणि दुकानात सांगितलं, काच फुटलीय, दुरुस्तीला टाकलीय. मालकांनाही ठाऊक होतं. त्यांनी वहीत तसंच लिहिलं.

ऐन हिवाळ्यात एजन्सी बंद करायचं ठरलं आणि कंपनीनं ती पेटीही मागितली. बाई एकट्या जाईनात म्हणून मी बरोबर गेलो.

म्हातारीनं नुकतीच डाळ ठेवली होती. बाई अंगणात बसून राहिल्या. डाळ शिजेपर्यंत बसल्या, तिला वाढलं, तिचं जेवण झाल्यावर डबे घासले आणि मग पेटी उचलली.

"ने, ने. लोकाची वस्तू हाय," म्हातारी म्हणाली. "लई दिवस सुखाचे गेले बग."

येताना गाडीत बाईंनी पेटी माझ्या मांडीवर दिली.

शेजारणीला त्यांनी म्हातारीसाठी दोन वेळचं करायला सांगितलं होतं. तिनं केलंही. पण एक दिवस ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि म्हातारीनं चूल पेटवली.

तिला आमच्याच गावच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मुलगा कुठल्या कारखान्यावर आहे हेच कुणाला नीट माहीत नव्हतं. बाई तिच्या खाटेजवळ बसून चमच्यानं पेज पाजत होत्या. मी गेलो तेव्हा त्या रडत रडत तिला सांगत होत्या, "माजंच चुकलं. पित्रात तुमी न्हाई म्हनाल म्हनून म्या इचारलंच न्हाई. पावती फाडली असती तर पेटी तुमच्या दारात असती."

म्हातारी हसली. त्या अवस्थेत हसली, मी स्वतः पाहिलं. "आगं येडे, मला इचारायचंस तर खरं. पोटाला कुठं पित्र असत्यात?"

त्यात राग नव्हता. थट्टाच होती. बाईंनी भरलेला चमचा परत वाटीत ठेवला.

मुलगा आला तेव्हा म्हातारी गेलेली होती. सगळं उरकून तो पुन्हा कारखान्यावर गेला, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती. बाईंनी राहती खोली सोडली. कुणी म्हणालं भावाकडं गेल्या, कुणी म्हणालं कर्नाटकात कुठल्याशा मठात. घरमालकालाही पत्ता ठाऊक नव्हता.

उन्हाळ्यात तो मुलगा आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. दुकानावरची पाटी उतरली होती, मी उरलंसुरलं सामान आवरत होतो. त्याच्या हातात कारखान्याकडच्या गुळाची ढेप, फडक्यात बांधलेली.

"बाई हायत का?"

नाहीत म्हणालो. तो गाडीच्या वेळेपर्यंत बसून राहिला. मग ढेप माझ्याकडं देऊन म्हणाला, "आईच्या तोंडात शेवटचं बाईनीच घातलं. आमचा काय राग न्हाई. एवढं सांगा त्यास्नी."

सांगतो म्हणालो. गूळ मी पावसाळ्यापर्यंत ठेवला, मग त्याला पाणी सुटलं. निरोप मात्र अजून माझ्याकडंच आहे.