शब्दाचं माहेर विचारायचं नाही

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटतं, कारण आम्हा दोघींनाही रागवायला तिसरं माणूस लागतं आणि आमच्या शाळेत अशा माणसांना तोटा नाही. मी तिथे गणित शिकवते, थोरल्या नणंदबाई इंग्रजी. मी त्यांना घरी ताई म्हणते आणि शाळेतही. राग सदा नाकावर, आवाज असा की खालच्या मजल्यावरचा शिपाई दचकावा.

त्यांना मुद्दाम ड तुकडी दिली होती. सगळ्यांनी ओवाळून टाकलेली पोरं. दहा-दहा वेळा स्पेलिंग लिहून बोटं दुखायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. ताईंनी ते बंद केलं. "शब्द म्हणजे सून," त्या सांगायच्या. "सासरी आली तरी माहेरच्या सवयी सुटत नाहीत. आधी माहेर विचारा." स्कूल, केमिस्ट, कोरस ग्रीकांकडचे, म्हणून त्यांच्यात 'क'साठी सीएच. शेफ आणि पॅराशूट फ्रेंचांकडचे. तिथे तेच सीएच 'श' होऊन बसतं. नाइफमधला मुका के एके काळी चांगला बोलत होता म्हणे. पोरं हसायची, भांडायची आणि लक्षात ठेवायची. बसचालकाची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती तर दुकानांच्या पाट्या वाचून यायची आणि विचारायची, "बाई, हा कुणाकडचा?"

सहामाहीत ड तुकडीतल्या बहुतेकांना स्पेलिंगमध्ये पैकीच्या पैकी मिळाले. शाबासकी राहिली बाजूला, मुख्याध्यापकांनी ताईंना बोलावून विचारलं, "पेपर कधी दाखवलात?"

म्हणजे ढ पोरांना आलं की ती चोरी! हेच अ तुकडीला आलं असतं तर हार घातले असते.

ताई भडकल्या. "मी शिकवले नाहीत असे शब्द घाला. मी वर्गात पाऊलही टाकणार नाही." मुख्याध्यापकांनी अट घातली: पोरं पास झाली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून ड तुकडीचं इंग्रजी बंद.

परीक्षा त्यांनी स्वतः घेतली. मी मागच्या बाकापाशी पहाऱ्याला, ताई शिक्षकांच्या खोलीत. पहिला शब्द आला, "ऑर्किड." चिमणीनं हात वर केला.

"सर, याचं माहेर कुठलं?"

कुणी हसलं नाही. सगळ्या वर्गाला तेच विचारायचं होतं. मुख्याध्यापकांनी तिचा पेपर ओढून घेतला. "परीक्षेत उत्तर विचारतेस?"

"सर, ती उत्तर विचारत नाहीये," मी म्हटलं. "शब्द कुठून आला, ते विचारतेय."

"तुम्ही तुमची गणितं बघा."

त्यांनी तिला बाहेर काढलं. मी पुन्हा बोलले, त्यांनी पुढचा शब्द सांगायला घेतला. पोरं इतकी घाबरली की येत होतं तेही चुकली. "पडलं ना पितळ उघडं?" पेपर गोळा करताना ते म्हणाले. कुणाचं पडलं, ते ताईंनी येऊन त्यांच्या तोंडावर सांगितलं, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. उपयोग शून्य. इंग्रजी बंद.

चिमणी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. ताई जवळ गेल्या तशी म्हणाली, "बाई, चुकलं माझं. परत नाही विचारणार."

"विचारायचं," ताई म्हणाल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण हे शेजारी उभ्या मलाच काय ते ऐकू आलं. "कुणी काही म्हणो, विचारायचं."

पोरीनं मान हलवली. नाही म्हणून.