चाचा पोचवायला निघतात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी आईवडिलांचं नाव दुसरं घेतो. पहिलं नाव धुळ्याच्या बसस्टँडजवळच्या गादीवाल्या चाचांचं. आईवडिलांनी मला पिंपळनेरहून एस.टी.त बसवून दिलं, पण उतरल्यावर समोर जे जग होतं त्यात मला नेऊन सोडलं ते चाचांनी, आणि तेही पायी. चाचांइतकी माणसं पोचवलेला दुसरा माणूस साऱ्या खानदेशात नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो.

बारावी झाल्यावर मी पत्र्याची पेटी घेऊन धुळ्यात उतरलो आणि पहिल्याच दिसलेल्या माणसाला कॉलेज कुठं म्हणून विचारलं. तो माणूस गादी शिवत होता. त्याने दाभण गादीत खोचलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोनतं गाव शे तुन्हं?" मी गाव सांगितलं. "चाल, पोचाडी देस," म्हणून चाचांनी चपला घातल्या. दुकान उघडंच राहिलं. वाटेत त्यांनी मला स्वस्त खाणावळ, चांगला दवाखाना आणि ज्याच्याकडे चुकूनही जाऊ नये तो न्हावी दाखवला. कॉलेजच्या फाटकावर वॉचमनला गाठून पोराला पाणी कुठं मिळतं याची चौकशी केली. मी म्हटलं, "चाचा, आत या ना." तर म्हणाले, "आत माझं काय काम? आपण दारापर्यंत." आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी पदवी घ्यायला गेलो त्या दिवशीही ते असेच फाटकापर्यंत आले आणि तिथूनच परतले.

पत्ता नुसता तोंडाने सांगणं चाचांना अपमानाचं वाटतं. विचारणाऱ्याचाही आणि पत्त्याचाही. मग गिऱ्हाईक ताटकळत राहो, की वाट बघून बघून नव्या गादीवर आडवं होऊन घोरू लागो. एकदा मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना पोचवायला गेले ते मुलाकडच्यांच्या रांगेत बसून पोहे खाऊन, मुलीला दोन प्रश्न विचारून आले. लग्न जमलं. त्या घरात अजूनही चाचांना वरपक्षाचा मान आहे. मोबाइलवरच्या नकाशाचा त्यांना मनापासून राग. "ती बाई डावीकडे वळा म्हणते, उजवीकडे वळा म्हणते, पण सोबत येते का?" फोनवरही त्यांचा विश्वास नाही. गावात ते मान देतात तो फक्त पोस्टमनला, कारण तो दारापर्यंत येतो. म्हणून मी त्यांना आजही पत्रच लिहितो.

पण मागच्या वर्षी चाचांनी एका पाहुण्याला साखरपुड्याऐवजी पलीकडच्या गल्लीतल्या बारशाला पोचवलं. दोघंही जेवून आले, त्यामुळे तक्रार झाली नाही. पुढे एकदा कोणाला तरी पोचवून परत येताना त्यांना स्वतःचंच दुकान सापडेना, आणि एका रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडलं. तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "अब्बा, आता बस झालं. दुकानातून उठायचं नाही." चाचा उठेनासे झाले. सुट्टीत मी भेटायला गेलो तर समोर एकजण पत्ता विचारत होता आणि चाचा बसल्या जागेवरून हात करून दाखवत होते. मला ते बघवेना.

जळगावच्या ज्या ठिबक सिंचनाच्या कंपनीत मी आहे तिने मला मोरोक्कोत, फेझ शहराजवळच्या बागांवर पाठवलं आहे. मी त्यांच्या मुलाची परवानगी काढली आणि परतताना चाचांना सोबत इकडे घेऊन आलो. जन्मभर दुसऱ्यांना वाट दाखवली, एकदा त्यांना कोणीतरी वाट दाखवावी, एवढाच माझा विचार. फेझचं जुनं शहर म्हणजे गल्ल्यांचा गुंताच. समोरून लादलेलं गाढव आलं तर माणसाने भिंतीला चिकटायचं. म्हणून मी गळ्यात सरकारी बिल्ला असलेला एक उंच, गंभीर गाइड ठरवला.

चाचांना हा प्रकार पटेना. "रस्ता दाखवायचे पैसे घेतो? मग घरी गेल्यावर बायकोला तोंड कसं दाखवतो?" याचं भाषांतर मी केलं नाही. त्यातून चाचांना कोणाच्या मागे चालायची सवय नाही. ते ठेक्यात पुढे, त्यांच्या मागे मी आणि माझ्या मागे पळत पळत गाइड. शेवटी त्याने मला इंग्रजीत विचारलं, "गाइड मी आहे की हे हाजी?" चाचा म्हणाले, "त्याला सांग, मी हाजी नाही, गादीवाला आहे. आणि तो मागं का राहतो? पाय दुखतात का?"

तिथे एक फार जुनी मशीद आहे, शेकडो वर्षांपासून ती विद्यापीठही आहे. आत फक्त मुसलमानांना जाता येतं, असं गाइडने दारात सांगितलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "तू थांब इथं. मी बघून येतो कॉलेज." आणि जन्मभर फाटकावरून परतलेला हा माणूस चपला हातात घेऊन आत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते ओल्या डोळ्यांनी, पण मला एवढंच म्हणाले, "चांगलं आहे. पाण्याची सोय आहे."

दिवस कलला तसं गाइडने आम्हाला हॉटेलच्या दाराशी आणून हात पुढे केला. चाचांनी तो हात धरूनच ठेवला. "चल, आता तुला घरी पोचवतो." मी समजावलं, गाइडने समजावलं. चाचा ऐकेनात, दिवसभर आपल्यासाठी चाललेल्या माणसाला एकटं परत पाठवायचं म्हणजे काय? अखेर तिघेही त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पुदिन्याचा चहा दिला. चाचांनी बैठकीची गादी दाबून पाहिली आणि कापूस पिंजायला झाला आहे असा निकाल दिला. याचं भाषांतर मात्र मी केलं. ती हसली आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "मी हेच वर्षभर सांगतेय."

परतताना चाचा पुढे निघाले. पहिली दोन वळणं त्यांनी झोकात घेतली. तिसऱ्या ठिकाणी गल्लीला तीन तोंडं फुटली होती. चाचा थांबले. एका गल्लीत चार पावलं गेले, परत आले. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "बेटा, आता कुठं?"

मलाही माहीत नव्हतं. मी खिशातला मोबाइल काढणार तेवढ्यात मागून, माझ्या कानाशी, हलक्या आवाजात कोणी म्हणालं, "डावीकडे." गाइड होता. पाहुण्यांना एकटं सोडवेना म्हणून तो घरापासून आमच्या मागेच येत होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "चाचा, तुम्हाला डावीकडचीच वाटते ना?" चाचांनी क्षणभर विचार केला. "मी तेच म्हणत होतो," म्हणाले आणि निघाले. मागून कुजबुज, मध्ये मी, पुढे चाचा. हॉटेलच्या दारात पोचल्यावर चाचांनी छाती फुगवून मागे वळून पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं.

कंपनीतल्या एका सहकाऱ्याबरोबर चाचा सुखरूप धुळ्याला पोचले. पुन्हा त्याच दुकानात, त्याच जागेवर बसले आहेत असं कळलं, तेव्हा मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"ती. चाचांस,

सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक. गाइडभाऊ भेटले की तुमची चौकशी करतात. त्यांनी कापूस पिंजून घेतला. आता बायको खूश आहे.

पुढच्या महिन्यात मी कायमचा परत येतो आहे. धुळ्याच्या स्टँडवर उतरेन. तुमच्या मुलाशी माझं बोलणं झालं आहे, तो तुम्हाला अडवणार नाही. बरीच वर्षं झाली, आता नवे पूल झाले, दुकानं बदलली. मला काही कॉलेज सापडायचं नाही. तेव्हा दाभण गादीत खोचून ठेवा आणि चपला घालून तयार राहा. या वेळी फाटकावर थांबायचं नाही, आतपर्यंत जायचं.

घाई करू नका. तुम्ही पुढे चाला, मी मागे आहे."